घटक ४ : श्रोत्यांचे अभिप्राय आणि आस्वादक समीक्षा
('मिस्टर बॅड गाय' या अल्बमच्या आधारे)

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• अभिप्राय, आस्वाद आणि मूल्यमापन यांतील फरक सांगता येईल.
• कलाकृतीविषयीचे मत श्रोत्याच्या पूर्वअपेक्षांमुळे कसे घडते, हे सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• काळाच्या ओघात एकाच कलाकृतीविषयीची मते का बदलतात, याची कारणे मांडता येतील.
• स्वतःचा अभिप्राय तपासून त्याचे समीक्षात्मक विधानात रूपांतर करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण साहित्यकृतीच्या आस्वादाचा विचार केला. या घटकात आपण एका गायकाचा अल्बम आणि त्याविषयी श्रोते व्यक्त करीत असलेली मते अभ्यासणार आहोत. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात एका इंग्रजी रॉक गायकाचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर आरंभीच द्यायला हवे.

कविता किंवा कादंबरी समोर आली की अनेक विद्यार्थी संकोचतात. 'थोर समीक्षकांनी यावर लिहून ठेवले आहे. माझ्या मताला काय किंमत?' असे त्यांना वाटते. नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून कित्येक वर्षांनी पुन्हा अभ्यासाकडे वळलेल्या विद्यार्थ्याच्या मनात हा संकोच अधिकच असतो. मग उत्तरपत्रिकेत दुसऱ्याची मते उतरतात आणि स्वतःचे मत मनातच राहते. गाण्याच्या बाबतीत मात्र असे होत नाही. एखादे गाणे आवडले की नाही, हे आपण क्षणात आणि निर्भयपणे सांगतो. या निर्भयतेचा उपयोग समीक्षा शिकण्यासाठी करून घ्यावा, हा या घटकाचा हेतू आहे. उदाहरण मुद्दाम थोडे दूरचे निवडले आहे. कारण ज्या संगीताविषयी आपल्या मनात आधीपासून ठाम मते नाहीत, त्याविषयीच्या मतांची घडण आपल्याला अलिप्तपणे पाहता येते. गाणी ऐकणे शक्य असेल तर अवश्य ऐका. ते शक्य नसले तरी पुढील विवेचन समजण्यात अडचण येणार नाही.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ कलावंत आणि कलाकृती

फ्रेडी मर्क्युरी यांचे मूळ नाव फारोख बलसारा. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबार येथे एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण बऱ्याच अंशी पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत झाले. तेथेच ते पियानो शिकले आणि शाळासोबत्यांच्या 'द हेक्टिक्स' या छोट्या बँडमध्ये वाजवू लागले. १९६४ मधील झांजिबारच्या क्रांतीनंतर हे कुटुंब इंग्लंडला गेले. १९७० मध्ये 'क्वीन' हा बँड आकारास आला. ब्रायन मे यांची गिटार, रॉजर टेलर यांचे ड्रम्स, पुढे येऊन मिळालेले जॉन डीकन यांचा बास आणि मर्क्युरी यांचा आवाज या चौघांच्या मेळातून क्वीनची ओळख घडली.

२९ एप्रिल १९८५ रोजी मर्क्युरी यांचा 'मिस्टर बॅड गाय' हा पहिला एकल अल्बम प्रसिद्ध झाला. त्याचे ध्वनिमुद्रण म्युनिक येथील म्यूझिकलँड स्टुडिओत झाले. निर्मितीत राइनहोल्ड मॅक हे त्यांचे सहकारी होते. अल्बममध्ये अकरा गाणी असून साथसंगतीला क्वीनमधील सहकाऱ्यांऐवजी अन्य वादक आहेत. सिंथेसायझर, नृत्याला अनुकूल ताल आणि पियानो यांना येथे प्राधान्य आहे. शीर्षकगीतात तर रॉकच्या गिटारऐवजी पूर्ण वाद्यवृंद योजलेला आहे.

हा अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या क्रमवारीत सहाव्या स्थानापर्यंत पोहोचला. अमेरिकेत मात्र तो १५९ व्या स्थानापुढे गेला नाही. हे आकडे लक्षात ठेवा. पण ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हेही ध्यानात घ्या. एका ठरावीक आठवड्यात इतर अल्बमांच्या तुलनेत त्याची विक्री किती झाली, एवढेच त्यांतून कळते. ज्यांनी तो घेतला त्यांना तो आवडला का आणि कशामुळे, हे कोणतीही क्रमवारी सांगू शकत नाही. लोकप्रियता ही माहिती आहे, मूल्यमापन नव्हे.

४.२.२ अपेक्षांचे क्षितिज

या अल्बमविषयी सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार कोणती? 'यात क्वीन नाही' ही. ब्रायन मे यांच्या गिटारचा भरघोस नाद आणि चौघांच्या मेळातून येणारी भव्यता शोधणाऱ्या श्रोत्याला हा अल्बम उणा वाटतो. याउलट दुसरा श्रोता म्हणतो, की बँडच्या चौकटीत न मावणारे मर्क्युरी येथे मोकळेपणाने भेटतात. क्वीनसारखेच करायचे असते तर स्वतंत्र अल्बम काढण्याचे प्रयोजनच नव्हते.

दोघांनी ऐकलेली गाणी तीच आहेत. फरक आहे तो ऐकण्यापूर्वीच मनात असलेल्या अपेक्षांमध्ये. जर्मन अभ्यासक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ च्या सुमारास साहित्याच्या ग्रहणाचा विचार करताना 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मांडली. वाचक कलाकृतीपुढे कोऱ्या मनाने येत नाही. त्या प्रकारच्या पूर्वीच्या कृती, त्या निर्मात्याचे पूर्वीचे काम आणि त्या काळातील रूढ संकेत यांनी त्याचे मन आधीच घडलेले असते. नवी कृती या क्षितिजात सामावते, त्याला धक्का देते किंवा ते रुंदावते. वाचकाबाबतचा हा विचार श्रोत्यालाही लागू पडतो.

क्वीनच्या श्रोत्यांचे क्षितिज कसे घडले होते, ते पाहा. सत्तरच्या दशकातील आरंभीच्या काही अल्बमांच्या वेष्टनावर 'सिंथेसायझर वापरलेला नाही' अशा आशयाची नोंद हा बँड अभिमानाने छापत असे. १९८० च्या 'द गेम' या अल्बमपासून सिंथेसायझर आला. १९८२ च्या 'हॉट स्पेस'मध्ये नृत्यसंगीताकडे कल वाढला आणि अनेक जुने चाहते नाराज झाले. म्हणजे १९८५ मध्ये 'मिस्टर बॅड गाय' हाती घेणाऱ्या चाहत्यांपैकी काहींच्या मनात ही नाराजी आधीपासूनच होती. तिचा काही भार या नव्या अल्बमवर पडला असल्यास नवल नाही.

नावाचा आणि अपेक्षेचा हा संबंध मराठी वाचकाला अपरिचित नाही. वि. वा. शिरवाडकर यांनी कविता 'कुसुमाग्रज' या नावाने लिहिली आणि नाटके मूळ नावाने. 'विशाखा' हाती घेणारा वाचक आणि 'नटसम्राट' पाहायला जाणारा प्रेक्षक एकच असू शकतो. पण मुखपृष्ठावरील किंवा जाहिरातीवरील नाव त्याला कोणत्या वाटेने जायचे आहे याची सूचना देते. मर्क्युरी यांच्या श्रोत्यांना अशी सोय नव्हती. आवाज तोच, चेहरा तोच. नाव मात्र बँडचे नव्हे, एकट्याचे. त्यामुळे अनेकांनी जुन्याच मापाने नवी वस्तू मोजली.

येथे एक इशारा आवश्यक आहे. अपेक्षा बाळगणे हा दोष नाही. अपेक्षेवाचून ऐकणे शक्यच नसते. आपण अपेक्षेच्या आधारे बोलत आहोत याचे भान नसणे, हा दोष होय.

४.२.३ अभिप्रायांचे प्रकार

आता अभिप्रायांचे काही नमुने पाहू. ही विधाने कोणा विशिष्ट व्यक्तीची नाहीत. अभ्यासासाठी ती येथे रचली आहेत. मात्र या वळणाची मते या अल्बमविषयी, आणि खरे तर कोणत्याही कलाकृतीविषयी, नेहमी ऐकू येतात.

(अ) 'यात क्वीनची मजा नाही, म्हणून अल्बम फसला आहे.'
हा तुलनात्मक अभिप्राय आहे. त्याचा पूर्वार्ध निरीक्षण आहे आणि ते योग्यही असू शकते. पण 'म्हणून' या शब्दापाशी थांबा. क्वीनसारखे असणे हीच यशाची कसोटी आहे, हे येथे गृहीत धरले आहे. सिद्ध केलेले नाही.

(आ) 'यातला सिंथेसायझर आता जुनाट वाटतो.'
हा कालसापेक्ष अभिप्राय आहे. त्या काळी नव्या वाटणाऱ्या नादावरच नंतर त्या काळाचा शिक्का सर्वांत ठळक उमटतो. अभिप्राय प्रामाणिक आहे. पण तो कृतीइतकाच ऐकणाऱ्याच्या काळाविषयीही बोलतो. 'जुना' आणि 'उणा' हे समानार्थी शब्द नाहीत.

(इ) 'हा आवाज ऐकला की माझे डोळे भरून येतात.'
हा भावनिक अभिप्राय आहे. तो खोडून काढता येत नाही, कारण तो अनुभव आहे. पण तो इतरांना पटवूनही देता येत नाही. आवाजातील कोणत्या जागी, कोणत्या चढावर किंवा थांब्यावर हे घडते, ते सांगितले की तोच अभिप्राय आस्वादाच्या दिशेने पहिले पाऊल टाकतो.

(ई) 'पाचगणीत शिकलेला मुलगा जगभर गाजला. अल्बम उत्तमच असणार.'
हा आपलेपणाचा अभिप्राय आहे. आपल्याकडे तो विशेष आढळतो आणि म्हणून आपण त्याबाबत विशेष सावध राहायला हवे. पाचगणीचे शिक्षण हे चरित्रातील सत्य आहे आणि त्याचा आनंद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या सत्यावरून अल्बममधील एकाही गाण्याची गुणवत्ता ठरत नाही. गावचा लेखक, नात्यातला कवी, आपल्या बोलीतली कादंबरी यांविषयी लिहितानाही हीच कसोटी लावावी.

(उ) 'शीर्षकगीतात गिटारऐवजी वाद्यवृंद आहे. त्यामुळे गाण्यातील नाट्य वाढते, पण रॉकचा टोकदारपणा कमी होतो.'
हे विधान वेगळे आहे. त्यात एक दाखवता येण्याजोगी गोष्ट आहे, तिचा परिणाम सांगितला आहे आणि लाभाबरोबर हानीही नोंदवली आहे. दुसरा श्रोता ते गाणे ऐकून या विधानाशी सहमत किंवा असहमत होऊ शकतो. ज्याच्याशी सकारण असहमत होता येते, ते विधान समीक्षेच्या प्रांतात आले असे समजावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(१) नमुना (अ) मध्ये कोणती गोष्ट गृहीत धरली आहे?
(२) 'जुना' आणि 'उणा' यांतील फरक एका वाक्यात सांगा.

४.२.४ एकच गाणे, दोन अर्थ

श्रोत्यांमधील मतभेद केवळ आवडी-निवडीचे नसतात. कधी कधी ते अर्थाचे असतात. या अल्बममधील 'लिव्हिंग ऑन माय ओन' हे गाणे पाहू. त्याचा विषय एकटेपणा आहे. मात्र ताल पाय थिरकवणारा आहे आणि मध्येच गायक शब्द सोडून निरर्थक अक्षरांशी खेळू लागतो. त्याची चित्रफीत म्युनिक येथे साजऱ्या झालेल्या मर्क्युरी यांच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या मेजवानीतील दृश्यांतून केलेली आहे. अवतीभवती गर्दी आहे, रंगीबेरंगी वेश आहेत. आणि गाणे म्हणते आहे एकट्याने जगण्याविषयी.

एक श्रोता हे निव्वळ नाचाचे गाणे मानतो. दुसऱ्याला त्यात गर्दीतल्या माणसाचे एकाकीपण जाणवते. कोण बरोबर? दुसऱ्याचे वाचन अधिक समृद्ध आहे, कारण ते शब्द आणि ताल या दोन्हींचा हिशेब देते. पहिले केवळ तालाचा देते. कलाकृतीतील जास्तीत जास्त घटकांना सामावून घेणारा अर्थ अधिक ग्राह्य, ही कसोटी तुम्ही कवितेच्या अभ्यासातही वापरू शकता. मात्र दुसरा श्रोता पुढे जाऊन 'गायक खऱ्या आयुष्यात असाच एकाकी होता, याचा हा पुरावा' असे म्हणू लागला, तर तो कृतीची सीमा ओलांडतो. गाण्यातील 'मी' आणि गाणारा माणूस यांत अंतर असते. कवितेतील 'मी' आणि कवी यांत असते तसेच.

४.२.५ काळ, मृत्यू आणि बदलती मते

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी यांचे निधन झाले. त्यानंतर या अल्बमच्या वाट्याला असे काही आले, की जणू अभ्यासकांसाठी एक प्रयोगच मांडला गेला.

'लिव्हिंग ऑन माय ओन' १९८५ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले, तेव्हा ब्रिटनच्या क्रमवारीत ते पन्नासाव्या स्थानापर्यंत गेले होते. १९९३ मध्ये त्याच गायनाला नव्या नृत्यसंगीताची जोड देऊन ते पुन्हा काढण्यात आले आणि त्याच क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. पुढे १९९५ मध्ये क्वीनच्या उरलेल्या तिघांनी 'मेड इन हेवन' हा अल्बम काढला. त्यात 'मिस्टर बॅड गाय'मधील 'मेड इन हेवन' आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' या दोन गाण्यांतील मूळ आवाज ठेवून साथसंगत नव्याने वाजवलेली आहे. ज्या गिटारची उणीव चाहत्यांना जाणवत होती, ती आता तेथे होती. २०१९ मध्ये मूळ ध्वनिफितींवरून संपूर्ण अल्बमचे नवे ध्वनिमिश्रण प्रसिद्ध झाले.

आता विचार करा. गायन तेच, साथ निराळी. एखाद्या श्रोत्याला १९८५ चे गाणे सपक वाटत असेल आणि १९९५ चे आवडत असेल, तर त्याचा आक्षेप गीतावर किंवा गायनावर नव्हता. तो साथसंगतीवर होता, असा निष्कर्ष निघतो. 'गाणे वाईट आहे' हे ढोबळ मत येथे अधिक नेमके करता येते. याउलट मूळ रूपच आवडणारे श्रोतेही आहेत. नव्या रूपातील भव्यतेत मूळचा खेळकर हलकेपणा हरवतो, असे त्यांचे म्हणणे असते. ही दोन्ही मते विचारार्ह आहेत, कारण दोन्हींना बोट ठेवून दाखवता येईल असा आधार आहे.

पण हा प्रयोग पूर्णतः शुद्ध नाही. १९८५ आणि १९९५ यांच्या दरम्यान केवळ साथ बदलली नव्हती. गायक राहिला नव्हता. जिवंत माणसाच्या आवाजातील प्रेमाची ग्वाही ऐकणे वेगळे आणि गेलेल्या माणसाच्या आवाजात तीच ऐकणे वेगळे. आता त्या शब्दांवर निरोपाची छाया पडते, आणि ती छाया मूळ रचनेत नव्हती. ती श्रोत्याने आणलेली आहे. म्हणून १९९३ किंवा १९९५ नंतरच्या स्वागतातील किती वाटा नव्या संगीताचा आणि किती शोकाचा, हे वेगळे करून सांगणे कठीण आहे. अकाली गेलेल्या लेखकांच्या पुस्तकांविषयीही हेच घडते. अशा वेळी समीक्षकाने शोक दडपू नये. पण शोकाला गुणवत्तेचे प्रमाणपत्रही मानू नये. 'माझ्या मतावर या घटनेचा प्रभाव आहे' असे प्रांजळपणे नोंदवणे, हा यावरचा उत्तम उपाय होय.

४.२.६ अभिप्रायापासून समीक्षेकडे

भारतीय काव्यशास्त्रात रसास्वाद घेणाऱ्याला 'सहृदय' म्हटले आहे. सहृदय म्हणजे केवळ हळवा माणूस नव्हे. काव्याच्या परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे आणि म्हणून जो कृतीशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय, असे अभिनवगुप्ताने सांगितले. तन्मयता आणि परिशीलन ही दोन्ही त्यात आली. केवळ तन्मय होणारा श्रोता अभिप्राय देतो. परिशीलन करणारा आपल्या तन्मयतेचे, किंवा ती न साधल्याचे, कारण शोधतो.

त्यासाठी पुढील चार पायऱ्या उपयुक्त ठरतात :

पहिली पायरी – पहिले मत लिहून ठेवा. ते कितीही भाबडे वाटले तरी बदलू नका. उदा. 'मला हा अल्बम कंटाळवाणा वाटला.'

दुसरी पायरी – मत कोठे जन्मले ते शोधा. संपूर्ण अल्बम कंटाळवाणा वाटला, की काही गाणी? गाण्याचा आरंभ, की मध्य? 'संथ गाण्यांत मी रमलो. नाचाची गाणी लागोपाठ आली तेव्हा लक्ष उडाले.'

तिसरी पायरी – अपेक्षा उघड करा. 'मी क्वीनची गिटार ऐकण्याच्या तयारीने बसलो होतो.'

चौथी पायरी – कृतीतील घटक, त्याचा परिणाम आणि आपली अपेक्षा यांचा मेळ घालून विधान करा. 'नृत्यप्रधान गाण्यांत यांत्रिक ताल शेवटपर्यंत एकसारखा राहतो; त्यामुळे आवाजातील चढउतार झाकोळतात. पियानोच्या आधाराने गायलेल्या संथ गाण्यांत मात्र तोच आवाज स्पष्टपणे उठून दिसतो. बँडच्या भरघोस नादाची सवय असल्यामुळे हा फरक मला अधिक जाणवला असावा.'

पहिले आणि शेवटचे विधान ताडून पाहा. मत उलटलेले नाही. श्रोता अजूनही अंशतः असमाधानीच आहे. पण आता त्याचे असमाधान इतरांना तपासता येते, आणि त्याच शोधात त्याला आवडलेली गाणीही सापडली आहेत. समीक्षा आपले मत हिरावून घेत नाही. ती त्याला पाय देते. प्रसिद्ध समीक्षकांची मते याच वाटेने तयार झालेली असतात. ती मते वाचावीत, त्यांच्याशी वाद घालावा. परंतु स्वतःची पहिली पायरी लिहिण्यापूर्वी ती वाचू नयेत.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(१) १९८५ आणि १९९५ च्या रूपांची तुलना हा 'पूर्णतः शुद्ध प्रयोग' का नाही?
(२) समीक्षात्मक विधान करण्याच्या चार पायऱ्या कोणत्या?

४.३ सारांश

कलाकृतीविषयीचे पहिले मत हा अभिप्राय असतो. तो श्रोत्याच्या अपेक्षांच्या क्षितिजातून घडतो. 'मिस्टर बॅड गाय' या अल्बमबाबत हे क्षितिज प्रामुख्याने क्वीनच्या संगीताने आखलेले होते. अभिप्राय तुलनात्मक, कालसापेक्ष, भावनिक किंवा आपलेपणाचा असू शकतो. कलावंताचा मृत्यू, नवी साथसंगत आणि बदलती अभिरुची यांमुळे त्याच कृतीविषयीची मते पालटतात. विक्रीचे आकडे लोकप्रियता दाखवतात, गुणवत्ता सिद्ध करीत नाहीत. अभिप्रायाला कृतीतील आधार, परिणामाचे वर्णन आणि स्वतःच्या अपेक्षेचे भान यांची जोड मिळाली की त्याचे समीक्षेत रूपांतर होते.

४.४ शब्दार्थ

एकल अल्बम – बँडमधील कलावंताने स्वतंत्रपणे, स्वतःच्या नावाने काढलेला गीतसंग्रह.
ध्वनिमिश्रण – स्वतंत्रपणे मुद्रित केलेले आवाज व वाद्ये यांचा योग्य प्रमाणात मेळ घालणे.
परिशीलन – सातत्यपूर्ण, सूक्ष्म अभ्यास.
ग्राह्य – स्वीकारण्याजोगे.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची नमुना उत्तरे

प्रश्न १ : (१) क्वीनसारखे असणे हीच अल्बमच्या यशाची कसोटी आहे, हे गृहीत धरले आहे. (२) 'जुना' हा शब्द काळ सांगतो, तर 'उणा' हा गुणवत्तेविषयीचा निर्णय आहे.

प्रश्न २ : (१) साथसंगतीबरोबरच गायकाचे निधन ही परिस्थितीही बदलली असल्याने मतबदलाचे एकच कारण निश्चित करता येत नाही. (२) पहिले मत नोंदवणे, त्याचा उगम शोधणे, अपेक्षा उघड करणे आणि साधार विधान करणे.

४.६ क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरातील किंवा परिसरातील निरनिराळ्या वयाच्या चार व्यक्तींना एकच गाणे ऐकवा. गाणे कोणत्याही भाषेतील चालेल. प्रत्येकाचा अभिप्राय त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि 'ऐकण्याआधी तुम्हांला काय अपेक्षित होते?' असे विचारा. चारही अभिप्रायांचे ४.२.३ नुसार वर्गीकरण करा. शेवटी स्वतःचा अभिप्राय चार पायऱ्यांनी तपासून सुमारे दोनशे शब्दांत लिहा. चौघांपैकी कोणाचे मत ऐकून तुमचे मत बदलले असेल, तर तेही कारणासह नोंदवा.